शेतमालाचे छोटे ऑनलाइन दुकान: परवडणारा प्लॅटफॉर्म कसा निवडावा?

हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून सगळीच्या सगळी बाजार समितीत नेण्याऐवजी त्यातली चार-पाच पोती दळून पाकिटातून विकावीत, असा विचार आता बरेच शेतकरी करतात. गूळ, बेदाणा, काजू, कोकम, नाचणीचे पीठ, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ यांचेही तसेच. दळप, पाकीट, लेबल इथपर्यंत गाडी नीट येते. मग प्रश्न येतो, "सर, ऑनलाइन दुकान काढायचे आहे. सगळ्यात स्वस्त काय पडेल?"

या प्रश्नाचे उत्तर मी पूर्वी चुकीचे देत होतो. एका महिला गटाला मीच सांगितले होते की वर्षाचे भाडे एकदम भरा, सवलत मिळते. दुकान छान दिसत होते. फोटो होते, कार्ट होती, कार्डने पैसे भरायची सोय होती. आठ महिन्यांत अकरा ऑर्डर आल्या आणि त्यातल्या सात गटातल्या बायकांच्या नातेवाइकांच्या होत्या. त्याच काळात गटाच्या अध्यक्षांच्या साध्या व्हॉट्सॲप नंबरवर त्याच्या कितीतरी पट माल गेला. गटाचे पैसे गेले, पण त्यापेक्षा वाईट म्हणजे "ऑनलाइन आपल्याला जमत नाही" असे त्या बायकांना वाटले. प्रत्यक्षात त्यांना ते उत्तम जमत होते. चूक माझ्या हिशेबाची होती. मी महिन्याचे भाडे पाहिले, एका ऑर्डरमागे किती खर्च बसतो ते पाहिले नाही.

म्हणून या लेखात प्लॅटफॉर्मची तुलना ऑर्डरमागे हातात किती उरते या मापाने केली आहे. दुसरे माप ग्राहकांची यादी कोणाच्या ताब्यात राहते हे आहे. बाकीच्या सोयी त्यानंतर पाहाव्यात.

आधी माल पाहा

कुरिअरने दोन-पाच दिवस प्रवास करूनही ज्याचे काही बिघडत नाही, असाच माल ऑनलाइन दुकानात सोपा जातो. हळद, मिरची पावडर, बेदाणा, काजू, कडधान्ये, आमसूल या वर्गात येतात. गूळ पावसाळ्यात पाझरतो, त्याला हवाबंद आवेष्टन हवे. काचेच्या बाटलीतला मध आणि कोकम आगळ यांत फूट आणि गळती धरूनच किंमत ठरवावी.

हलका पण जागा खाणारा माल फसवा असतो. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि खोक्याच्या आकारावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त त्यावर आकार घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागतात. ३० × २५ × २० सेंटिमीटरच्या खोक्याचे असे वजन ३ किलो होते. त्यात केळीचे वेफर्स जेमतेम किलोभर बसले तरी भाडे ३ किलोचेच पडते. वेफर्स, लाह्या, पोहे विकणाऱ्यांनी पहिला हिशेब खोक्याचा करावा.

ताजी भाजी, फुले, पिकलेली फळे यांना वेबसाइटचा उपयोग थोडाच होतो. तिथे मागणी आगाऊ नोंदवून एकाच दिवशी एकाच शहरात माल पोहोचवणे हेच खरे दुकान असते. हापूसचे बागायतदार पूर्वीपासून हेच करत आले आहेत. नेहमीच्या गिऱ्हाइकांची यादी ठेवायची, हंगामाआधी पेट्या नोंदवून घ्यायच्या आणि तोडणी झाली की मुंबई-पुण्याला माल रवाना करायचा. यासाठी एक गुगल फॉर्म आणि एक फोन पुरतो.

एका ऑर्डरचा हिशेब

हळद पावडरीचे उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. तुमच्या भागातले भाव घालून हाच हिशेब वहीत करा.

सुरुवातीलाच एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. ५०० ग्रॅमचे पाकीट खोक्यात घातले की एकूण वजन साडेपाचशेच्या आसपास जाते आणि ते पार्सल पुढच्या टप्प्यात मोजले जाते. दोन पाकिटे घातली तर किलोच्या वर जाते. त्याऐवजी ४५० ग्रॅमची दोन पाकिटे केली तर माल ९०० ग्रॅम आणि खोक्यासह सुमारे ९७० ग्रॅम होतो, म्हणजे एक किलोच्या आत बसतो. प्लॅटफॉर्म बदलून वाचणार नाहीत इतके पैसे कधीकधी या पन्नास ग्रॅममध्ये वाचतात.

तर ४५० ग्रॅमची दोन पाकिटे, प्रत्येकी २०० रुपये, ऑर्डर ४०० रुपयांची. दळपातली घट धरून हळकुंडे ९५० ग्रॅम लागली, ती १४० रुपये किलोच्या बाजारभावाने १३३ रुपयांची. दळप २४ रुपये, पाऊच व लेबल २० रुपये, खोके व टेप १५ रुपये. बांधायला, पत्ता लिहायला आणि नोंद करायला पंधरा मिनिटे लागतात. दिवसाचा रोज ४०० रुपये धरला तर त्याचे १३ रुपये. घरची माणसे काम करतात म्हणून हा खर्च सोडू नका, कारण ऑर्डर वाढल्या की माणूस लावावाच लागतो. एकूण २०५ रुपये झाले. कुरिअरचे ९० रुपये तुम्ही सोसता असे धरू. उरले १०५ रुपये.

हे १०५ रुपये बाजारभावाच्या वरचे आहेत, कारण हळकुंडांचे १३३ रुपये आपण खर्चात धरलेच आहेत. प्लॅटफॉर्मला जे काही द्यायचे ते या १०५ मधून द्यायचे आहे.

व्हॉट्सॲपवर ऑर्डर आणि यूपीआयने पैसे असतील तर वजावट शून्य, १०५ च्या १०५ हातात. महिना १,५०० रुपये भाड्याचे तयार दुकान घेतले, पेमेंट गेटवेने २ टक्के व त्यावर १८ टक्के जीएसटी घेतला आणि दुकान देणाऱ्या सेवेने स्वतःचे आणखी २ टक्के घेतले, तर एका ऑर्डरमागे सुमारे १७ रुपये आणि भाड्याचा वाटा जातो. महिन्याला १० ऑर्डर असतील तर भाड्याचा वाटा १५० रुपये. म्हणजे प्रत्येक ऑर्डरमागे ६२ रुपयांचा तोटा. ३० ऑर्डर झाल्या तर ३८ रुपये उरतात. १५० ऑर्डर असतील तर ७८ उरतात आणि मग ते भाडे खुपत नाही. तेच दुकान, तीच हळद, फरक फक्त ऑर्डरच्या संख्येचा.

वर्षाला ५,००० रुपयांत डोमेन व होस्टिंग घेऊन स्वतःची वेबसाइट केली, तर ३० ऑर्डरना सुमारे ८२ रुपये उरतात आणि १० ऑर्डरनाही ५४ उरतात. मोठ्या बाजारपेठ-संकेतस्थळाची वाहतुकीसह एकूण वजावट ३० टक्के धरली तर १२० रुपये जातात आणि ७५ उरतात. तिथे महिन्याचे भाडे नसल्याने ऑर्डर कमी असल्या तरी तोटा होत नाही, हे त्याचे बलस्थान. मात्र परत आलेला माल यात धरलेला नाही.

व्हॉट्सॲप बिझनेस: सुरुवात इथेच करावी

महिन्याला तीस-चाळीस ऑर्डर होईपर्यंत बहुतेकांनी दुसरीकडे पाहण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप मोफत आहे. त्यात ५०० पर्यंत वस्तूंचा कॅटलॉग फोटो, वजन आणि किमतीसह लावता येतो आणि त्याची लिंक कोणालाही पाठवता येते. कामाचे तास, पत्ता, ठरावीक उत्तरे, ग्राहकांना "नवीन", "पैसे बाकी", "माल पाठवला" अशी लेबले लावणे, हे सगळे त्यातच होते. यूपीआयने थेट खात्यात आलेल्या पैशांवर २०२० पासून व्यापाऱ्याला शुल्क नाही. तेच पैसे एखाद्या गेटवेमार्फत घेतले, तर गेटवे स्वतःचा आकार लावू शकतो. दोन्हींतला हा फरक लक्षात ठेवा.

दुकानासाठी वेगळे सिमकार्ड आणि वेगळे बचत खाते ठेवा. घरखर्च आणि दुकान एकाच खात्यात असेल तर वर्षअखेर नफा झाला की नाही हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

मर्यादाही माहीत हव्यात. ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. म्हणून पहिल्या पार्सलसोबतच "हा नंबर जतन करा" अशी चिठ्ठी घाला. ओळख नसलेल्या शेकडो लोकांना एकदम जाहिरात पाठवली की तक्रारी होतात आणि नंबर बंद पडू शकतो. नंबर बंद झाला तर दुकानही बंद, कारण यादी त्यातच अडकलेली असते. यासाठी प्रत्येक ऑर्डर वहीत किंवा गुगल शीटमध्ये त्याच दिवशी उतरवा. तारीख, नाव, पत्ता, फोन, काय घेतले, किती रुपये, कुठून ओळख झाली. शेवटचा रकाना सोडू नका. पुढे जाहिरातीवर पैसे टाकायचे की जुन्या ग्राहकांना फोन करायचे, ते त्याच रकान्यावरून ठरते.

पैशांबाबत सावध राहा. ग्राहकाने पाठवलेला स्क्रीनशॉट पाहून माल पाठवू नका, खात्यात रक्कम जमा झाल्याचे पाहूनच पार्सल बांधा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. "मोठी ऑर्डर आहे, आगाऊ रक्कम पाठवतो, ही रिक्वेस्ट मंजूर करा" असे कोणी म्हणाले की फोन ठेवून द्या. सैन्यदलातून बोलतोय असे सांगून घाऊक ऑर्डरचे आमिष दाखवणारे फोनही सर्रास येतात.

एका दिवसात बऱ्याच मागण्या एकदम येणार असतील, जसे हंगामात आंबा किंवा दिवाळीआधी पोहे-गूळ, तिथे कॅटलॉगपेक्षा गुगल फॉर्म बरा. सगळी माहिती आपोआप शीटमध्ये जाते आणि गावनिहाय, सोसायटीनिहाय याद्या काढता येतात. फक्त उपलब्ध माल संपला की फॉर्म त्याच क्षणी बंद करा. शंभर पेट्या असताना एकशे चाळीस नोंदल्या गेल्या, तर त्या चाळीस जणांचा राग पुढच्या हंगामापर्यंत टिकतो.

भाड्याचे तयार दुकान

शॉपिफायसारख्या सेवांवर तांत्रिक माहिती नसतानाही दोन दिवसांत नीटस दुकान उभे राहते. ग्राहक रात्री अकरा वाजताही स्वतः ऑर्डर देऊन पैसे भरतो, कुरिअरचे लेबल तयार मिळते, साठा आपोआप कमी होतो. रोज पाच-सहा ऑर्डर येऊ लागल्या आणि व्हॉट्सॲपवर उत्तरे देण्यात शेतीचा वेळ जाऊ लागला, की हे भाडे वसूल होते.

घेण्याआधी भाड्यापलीकडचे आकार विचारा. बाहेरचा पेमेंट गेटवे वापरला तर सेवेचे वेगळे व्यवहार शुल्क आहे का? मराठी अक्षरे नीट दिसतात का? पिन कोडनुसार वाहतूक आकार लावता येतो का? बंद करताना ग्राहक, ऑर्डर व वस्तूंची यादी एक्सेलमध्ये उतरवून मिळते का? शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर ती सेवा घेऊ नये. वार्षिक सवलतीचा मोह पहिल्या वर्षी टाळा. तीन महिने मासिक भाडे भरून पाहा, जास्तीचे दोन-चारशे रुपये गेले तरी चालतील. आमच्या गटाचे वर्षाचे भाडे असेच अडकले होते.

हंगामी माल असणाऱ्यांनी आणखी एक विचारावे, वर्षातले सहा महिने दुकान थांबवून कमी भाडे देता येते का.

स्वतःची वेबसाइट

वर्डप्रेस आणि त्यावरचे वूकॉमर्स हे दुकानाचे सॉफ्टवेअर, दोन्ही मोफत आहेत. पैसे डोमेनचे, होस्टिंगचे आणि पेमेंट गेटवेचे लागतात. वरच्या हिशेबात हा पर्याय स्वस्त दिसतो आणि घरात थोडे संगणक जाणणारे कोणी असेल तर तो खरोखर स्वस्त आहे. नसेल तर महागात पडतो. सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करावे लागते, प्रत घेऊन ठेवावी लागते, न केल्यास साइट हॅक होते किंवा ऐन दिवाळीत बंद पडते. दर वेळी मदतीला माणूस बोलवावा लागला की वाचवलेले भाडे त्यातच जाते.

पहिल्या वर्षाचा दर पाहून होस्टिंग घेऊ नका. जाहिरातीत दिसतो तो सुरुवातीचा दर असतो. नूतनीकरणाचा दर त्याच पानावर बारीक अक्षरांत लिहिलेला असतो आणि तो बराच जास्त असतो. हिशेबात तोच धरा.

ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो

इथे गिऱ्हाईक आयते असते. पण ते "हळद पावडर" शोधत येते, तुम्हाला शोधत येत नाही. तुमच्या शेजारी मोठ्या कंपन्यांची पाकिटे कमी किमतीत लागलेली असतात. कमिशन, ठरावीक शुल्क, वजनानुसार वाहतूक, साठवण आणि या सगळ्यावर जीएसटी असे आकार वस्तूच्या वर्गानुसार बदलतात, म्हणून त्यांच्या विक्रेता पानावरचे गणनयंत्र वापरून तुमच्या नेमक्या वजनाचा आकडा काढावा. मीशोने २०२१ मध्ये विक्रेत्यांसाठी शून्य कमिशनचे धोरण आणले. मात्र शून्य कमिशन म्हणजे शून्य खर्च नव्हे, वाहतूक आणि परतावे राहतातच, शिवाय तिथला ग्राहक सर्वांत कमी किमतीकडे ओढला जातो.

ज्यांच्या मालाला वेगळी ओळख आहे त्यांना ही जागा बरी. भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद, वायगावची हळद, कोल्हापूरचा गूळ ही नावे लोक शोधतात. पण मानांकनाचे नाव आणि चिन्ह पाकिटावर छापण्यासाठी तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी. केवळ सांगली जिल्ह्यात शेत आहे एवढ्याने ते वापरता येत नाही.

ग्राहकाचा फोन नंबर या संकेतस्थळांकडून तुम्हाला सहसा मिळत नाही आणि पार्सलमध्ये स्वतःची जाहिरात घालण्यास त्यांच्या अटींत साधारणपणे मनाई असते. लेबलवर मात्र उत्पादकाचे नाव, पत्ता आणि ग्राहक तक्रारीसाठीचा संपर्क कायद्यानेच छापावा लागतो. तो ठळक आणि वाचता येईल असा छापा. ज्याला हळद आवडली तो तिथून तुमच्यापर्यंत पोहोचतो.

ओएनडीसीबद्दल बैठकांमध्ये बरेच विचारले जाते. ते दुकान किंवा ॲप नाही, केंद्र सरकारच्या पुढाकाराने उभे राहिलेले जाळे आहे. तुम्ही एखाद्या विक्रेता ॲपमार्फत त्यात शिरता आणि तुमचा माल वेगवेगळ्या खरेदीदार ॲपवर दिसतो. खर्च किती आणि कागदपत्रे कोणती, हे त्या विक्रेता ॲपच्या अटींवर ठरते. अनेक शेतकरी उत्पादक कंपन्या त्यावर आल्या आहेत. एकट्या शेतकऱ्याने स्वतंत्र धडपड करण्यापेक्षा आपल्या कंपनीमार्फत जावे, कारण नियमित साठा, बिले आणि तक्रारींना वेळेत उत्तर हे तिथे सांभाळावे लागते.

कॅश ऑन डिलिव्हरीचे काय?

ही सोय दिली की ऑर्डर वाढतात आणि परत येणारी पार्सलेही वाढतात. आपल्याच उदाहरणात दहा ऑर्डर रोखीच्या आल्या आणि दोघांनी दारात माल नाकारला, तर जाण्या-येण्याचे मिळून ३६० रुपये गेले. ते उरलेल्या आठ ऑर्डरवर वाटले तर प्रत्येकी ४५ रुपये होतात, म्हणजे १०५ चे ६० उरले. रोख वसुलीचा कुरिअरचा आकार आणि चेपलेल्या खोक्याचे नुकसान निराळे. पैसेही काही दिवसांनी खात्यात येतात.

सुरुवातीला ही सोय देऊ नये. ग्राहकाला नव्या दुकानावर विश्वास नसतो हे खरे, पण त्यावर दुसरा उपाय आहे. फोनवर बोला, शेताचा आणि दळपाचा छोटा व्हिडिओ पाठवा, आणि वाटल्यास निम्मी रक्कम आधी घ्या. ज्या गावात कुरिअर जात नाही तिथे टपाल खात्याचे स्पीड पोस्ट जाते. दर जवळच्या टपाल कार्यालयात वजन सांगून काढा आणि खासगी कुरिअरच्या दराशी पडताळा.

दुकानाची किल्ली कोणाकडे?

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण मी पाहिलेली सगळ्यात मोठी नुकसाने इथेच झाली आहेत. गावातला किंवा नात्यातला एखादा मुलगा वेबसाइट करून देतो. डोमेन त्याच्या नावावर, ईमेल त्याचा, पासवर्ड त्याला पाठ. पुढे तो नोकरीसाठी बंगळुरूला जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या ईमेलवर येते, कोणी पाहत नाही, आणि पाकिटांवर छापलेल्या पत्त्यावर एक दिवस भलतेच पान उघडते. यात त्या मुलाचा दोष असतोच असे नाही. छापून आणलेली पाच हजार लेबले मात्र फेकावी लागतात.

डोमेन, होस्टिंग, गेटवे, व्हॉट्सॲपचे सिम आणि ईमेल हे सगळे ज्याच्या नावावर धंदा आहे त्याच्याच नावावर हवे. गट किंवा कंपनी असेल तर ठरावात तशी नोंद करा आणि दोन पदाधिकाऱ्यांकडे पासवर्ड ठेवा. नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. व्हॉट्सॲपचे दोन टप्प्यांचे पडताळणी पिन चालू करा.

कर आणि परवाने यांचा निवडीशी संबंध

स्वतःच्या जमिनीत पिकवलेल्या मालाच्या विक्रीपुरती शेतकऱ्याला जीएसटी नोंदणी लागत नाही. डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेने शेतकऱ्याने विकलेल्या बेदाण्याबाबतही हे स्पष्ट केले, द्राक्ष बागायतदारांनी याची नोंद घ्यावी. ही सवलत व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला आहे, शेतकरी उत्पादक कंपनी त्यात येत नाही. दळून, मिसळून, पाकीटबंद करून विकलेला माल हा वेगळा विषय होतो. हळद पावडरीवर ५ टक्के कर आहे. नोंदणी असेल तर आपल्या ४०० रुपयांत सुमारे १९ रुपये कराचे आहेत, ते १०५ मधून वजा धरा.

महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात करपात्र वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा असेल तर मात्र पहिल्या रुपयापासून नोंदणी हवी. पणजी किंवा हैदराबादच्या ग्राहकाला पाठवलेले हळदीचे एक पाकीटही त्यात आले. मोठ्या संकेतस्थळांवर विक्रीसाठी नोंदणी लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेच्या आतल्या लहान विक्रेत्यांना जीएसटी पोर्टलवर पॅनच्या आधारे नावनोंदणी क्रमांक घेऊन फक्त आपल्या राज्यात त्यांच्यामार्फत विकता येते. म्हणजे कुठे विकणार हे ठरले की प्लॅटफॉर्मचे निम्मे उत्तर मिळते. तुमच्या मालाचा नेमका वर्ग कर सल्लागाराला एकदा दाखवून घ्या, ही फी वाया जात नाही.

पावडर, पीठ, लोणचे, मसाले यांसाठी एफएसएसएआयची नोंदणी कोणत्याही मार्गाने विकले तरी हवी. लहान उद्योगाच्या मूळ नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये आहे. उलाढालीची मर्यादा व मुदत यांचे नियम बदलत असतात, अर्ज करताना फॉसकॉस पोर्टलवर पाहून घ्यावे. एजंट यासाठी हजार-दोन हजार घेतात. केव्हीकेत किंवा तालुका कृषी कार्यालयात विचारलेत तर अर्ज भरायला मदत मिळू शकते. पाकिटावर निव्वळ वजन, एमआरपी, प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो किंमत, पाकीटबंद केल्याचा महिना व वर्ष, मुदत आणि संपर्क छापलेला असावा. संकेतस्थळे वस्तू लावतानाच ही माहिती मागतात.

विस्तार कार्यकर्त्यांना

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी दुकान उघडून देऊ नका. टाळ्या मिळतात, बातमीत फोटो येतो, पण पंधरा दिवसांनी पासवर्ड कोणालाच आठवत नाही. पहिल्या बैठकीत प्रत्येकाकडून एका ऑर्डरचा वर दिलेला हिशेब स्वतःच्या मालावर करून घ्या. वजनकाटा आणि एक रिकामे खोके सोबत न्या, पार्सल तिथेच बांधून मोजायला लावा. अनेकांची किंमत तिथेच बदलते. काहींच्या लक्षात येते की आपला माल कुरिअरने पाठवण्याजोगा नाही आणि जवळच्या शहरातल्या आठवडी बाजारातच जास्त उरते. तेही उत्तर योग्यच आहे, त्यांना ऑनलाइनकडे ढकलू नका.

दुसऱ्या बैठकीपर्यंत तीन महिने ऑर्डरची वही लिहायला सांगा. त्या वहीत महिन्याला किती ऑर्डर, किती ग्राहक दुसऱ्यांदा आले आणि किती ऑर्डर राज्याबाहेरच्या होत्या, हे तीन आकडे दिसले की पुढचा प्लॅटफॉर्म सुचवायला दहा मिनिटे पुरतात. खाते उघडताना ओटीपी शेतकऱ्याच्याच फोनवर येऊ द्या. आपल्या ईमेलने उघडून दिले तर काम लवकर होते, पण आपली बदली झाली की त्यांचे दुकान आपल्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात जाते.

एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर जाताना जुना नंबर आणि जुनी लिंक निदान एक हंगाम चालू ठेवायला सांगा. हळद घेणारे गिऱ्हाईक वर्षातून एक-दोनदाच येते आणि ते मागच्या पाकिटावरचाच नंबर लावते.